झोळी आणि पाकीट

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, आपल्या महाराजांच्या खांद्यावर झोळी आहे. तसबिरीत आपण ती रोज पाहतो. पण ती कधी फुगलेली पाहिलीत का? सकाळी काशीला स्नान, दुपारी कोल्हापुरात भिक्षा, रात्री माहूरगडावर निद्रा, अशी ज्यांची नित्य फेरी, त्यांच्या झोळीत उद्याची तरतूद कशी असेल? आजचे मिळाले, आज संपले.

आता माझ्या झोळीची गोष्ट सांगतो. निवृत्त झाल्यापासून माझ्या खांद्याला एक शबनम आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात पाकीट असते. दोन वर्षांपूर्वी श्रीक्षेत्र गाणगापूरला गेलो होतो. दुपारी महाराज स्वतः भिक्षेला फिरतात, या श्रद्धेने तिथे भक्त माधुकरी वाढतात आणि मागतातही. पाच घरी मागायची म्हणून मीही निघालो. पहिल्याच दारी एक माउली भाकरी घेऊन बाहेर आली. मी शबनम पुढे केली, तर आत भाकरीला जागाच नाही! मी एकेक वस्तू काढत बसलो आणि ती बिचारी उन्हात भाकरी धरून उभी. "सावकाश होऊ द्या, आजोबा," एवढेच म्हणाली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले.

संध्याकाळी खोलीवर चादर पसरली आणि शबनम, पाकीट दोन्ही उलटे केले. काय काय निघाले म्हणून सांगू! मुदत संपलेल्या गोळ्या, एसटीची तिकिटे, जुन्या वीजबिलाच्या पावत्या, बंद झालेल्या खात्याचे कार्ड. चालू कार्डाला तर पिनची चिठ्ठी चिकटवलेली, म्हणजे चोराची सोय मीच करून ठेवलेली. अंगाऱ्याच्या पुड्याच नऊ.

आणि सगळ्यांत आतल्या कप्प्यात घडीवर झिजलेला एक कागद. धाकट्या भावाने चाळीस हजार उसने नेले होते, त्याची त्याच्याच हातची नोंद. अकरा वर्षे झाली. पैसे आले नाहीत आणि मीही त्याचा उंबरठा चढलो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नालासुद्धा गेलो नाही. पैशांची आशा केव्हाच सुटली होती, कागद तेवढा सुटला नव्हता. पाकिटात हात घातला की तो बोटाला लागायचा आणि राग पुन्हा ताजा व्हायचा.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत एक कुरर पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून दुसरे बळकट पक्षी त्याला टोचू लागले. त्याने तुकडा टाकून दिला आणि तो सुखी झाला. आजवर मला वाटे, ही लोभी माणसाची गोष्ट. त्या रात्री कळले, डूख धरून बसलेल्या माणसाचीही हीच गोष्ट. भाऊ मला टोचत नव्हता हो. मीच तुकडा चोचीत धरून बसलो होतो.

कागद फाडला आणि भावाला फोन लावला. माझा आवाज ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, जेवलास का?" पुढे मला बोलवेना. पैशांचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही मी काढला नाही.

आता दर गुरुवारी आरतीआधी मी पाकीट रिकामे करतो. परत आत जाते ते एवढेच: नाव-पत्ता, रक्तगट आणि मुलाचा फोन नंबर लिहिलेला कागद, चालू औषधांची यादी, एक कार्ड, गरजेपुरते पैसे आणि अंगाऱ्याची एक पुडी. बाकीचा अंगारा तुळशीला वाहिला. दहाच्या चार नोटा मात्र वेगळ्या ठेवतो, कोणी हात पुढे केला तर शोधाशोध नको.

मार्गशीर्ष पौर्णिमेला जन्मोत्सवाला याल, त्याआधी घरी चादर पसरून आपली पिशवी एकदा उलटी करून पाहा. आतल्या कप्प्यात हात घालायला विसरू नका. प्रसादासाठी पिशवी पुढे कराल, तेव्हा तिच्यात जागा असू द्या.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥