बेथलेहेमचे पाणी आणि हवाईचा कैदी

गेल्या महिन्यात कडोलीला एका घरी प्रार्थनासभा होती. 2 शमुवेलाच्या 23 व्या अध्यायातील वृत्तांत आम्ही घेतला होता. दावीद अदुल्लामाच्या गुहेत असता त्याला बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी प्यावेसे वाटले. तिघे वीर पलिष्ट्यांची छावणी फोडून गेले आणि पाणी घेऊन आले. पण ज्या पाण्यासाठी माणसांनी जीव धोक्यात घातला ते दाविदाला पिववेना. त्याने ते परमेश्वरापुढे ओतले. आमचे बोलणे संपताच घरातली आजी म्हणाली, "ओतून टाकलं खरं, पण मग त्या तिघांस्नी काय वाटलं असेल?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. परतताना मात्र मनात आले की आपण औषधाची गोळी घेतो तेव्हा तीही अशीच कोणाच्या तरी जिवाच्या मोलाने आलेली असते. फरक इतकाच की दाविदाचे तिघे आपण होऊन गेले होते. औषधाच्या बाबतीत काही जण आपण होऊन गेले, आणि काहींना ढकलण्यात आले.

कुष्ठरोगाचेच पाहा. हवाई बेटांच्या राज्यात 1865 साली कायदा झाला आणि 1866 पासून कुष्ठरोग्यांना मोलोकाई बेटाच्या एका टोकाला, कालाउपापा येथे, नेऊन सोडण्यात येऊ लागले. ही सक्ती 1969 पर्यंत चालली. सुमारे आठ हजार माणसे आपल्या घरादारातून तिकडे गेली. नॉर्वेच्या डॉ. हान्सेन यांनी 1873 मध्ये या रोगाचा जंतू पाहिला होता, पण तो प्रयोगशाळेत वाढवता येईना (अजूनही येत नाही), त्यामुळे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे सिद्ध करणे कठीण होते. तेव्हा डॉ. आर्निंग या जर्मन वैद्याने 1884 मध्ये तेथील तुरुंगातील किआनू नावाच्या कैद्याच्या हातात रोग्याच्या अंगातील गाठीचा तुकडा बसवला. किआनूला खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. प्रयोगाला कबूल झाला म्हणून ती जन्मठेपेवर आणण्यात आली. पुढे त्याला कुष्ठरोग झाला, त्यालाही मोलोकाईला धाडले, आणि 1892 मध्ये तो तेथेच मेला. आणि सिद्ध काय झाले? काहीच नाही. त्याच्या घरच्या माणसांनाही हा रोग असल्याचे निघाले, तेव्हा त्याला तो प्रयोगामुळे झाला की आधीच लागला होता हे कोणी सांगू शकेना.

त्या काळी लोकांना एवढे कळत नव्हते, असे कोणी म्हणेल. पण कळत होते. खुद्द हान्सेन यांनी एका रोगी स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, अशीच लागण करून पाहिली होती, आणि 1880 मध्ये नॉर्वेच्या न्यायालयाने त्यांची रुग्णालयातील जागा काढून घेतली होती. म्हणजे विचारले पाहिजे हे ठाऊक होते. किआनूला तर विचारलेही होते! पण एका बाजूला फास आणि दुसऱ्या बाजूला सुई ठेवून विचारलेल्या प्रश्नाला दिलेला होकार हा होकार म्हणावा काय? योहानाच्या शुभवर्तमानात कयफाने सभेपुढे हाच हिशोब मांडला होता, की सारे राष्ट्र बुडण्यापेक्षा एकटा गेलेला परवडला. हिशोब म्हणून तो चुकीचा वाटत नाही, हीच भीतीची गोष्ट आहे. आपला प्रभू आपण होऊन जीव देता झाला. कयफा दुसऱ्याचा जीव देत होता.

त्याच बेटावर फादर दामियन 1873 पासून रोग्यांची सेवा करीत होते. किआनूवर प्रयोग झाला त्याच सुमारास त्यांनाही कुष्ठरोग झाल्याचे दिसून आले, आणि 1889 मध्ये ते वारले. (त्यांच्यामागे त्यांची निंदा करणारे पत्र एका प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने लिहिले. तो अमेरिकन बोर्डाचा होता. याच बोर्डाची माणसे 1813 साली मुंबईला उतरली आणि त्यांच्यापासून आपले अमेरिकन मराठी मिशन झाले. हे आपण लपवू नये.)

संशोधकांना बेटे का आवडतात हे समजण्यासारखे आहे. माणसे मोजकी, येणे-जाणे कमी, त्यामुळे रोगाचा माग स्पष्ट लागतो. न्यू गिनी बेटावरील फोरे लोकांतील कुरू या मेंदूच्या रोगाचा अभ्यास 1957 पासून झाला. त्यासाठी फोरे कुटुंबांनी आपल्या मृतांचे देह तपासू दिले. त्या कामाबद्दल 1976 चे नोबेल पारितोषिक अमेरिकन डॉक्टरांना मिळाले.

पण बेट समुद्रातच असावे लागते असे नाही. ज्या गावात डॉक्टर पोचत नाही ते गाव या कामापुरते बेटच. 2002 ते 2005 या काळात आपल्याच बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी, अमेरिकेतील विद्यापीठांच्या साहाय्याने, 1620 बाळंतिणींवर एक चाचणी केली. बाळंतपणानंतर रक्त न थांबल्याने बाई दगावते. मिसोप्रोस्टॉलची गोळी तोंडाने दिली तर ते थांबते का, हे पाहायचे होते. 812 जणींना खरी गोळी दिली, 808 जणींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. नर्सबाई बाळंतिणीच्या अंगाखाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी लावून रक्त मोजत. अर्धा लिटर किंवा जास्त रक्त जाण्याचे प्रमाण शेकडा 12 वरून 6.4 वर आले. एक लिटर वा अधिक जाण्याचे 1.2 वरून 0.2 वर. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घातली.

किआनूची आणि या चाचणीची बरोबरी आम्ही करीत नाही. येथे संमती होती, देखरेख होती, आणि या गावांत त्या वेळी नर्सबाईंच्या हाती दुसरे औषधही नव्हते. ज्यांना रिकामी गोळी मिळाली त्यांच्याकडून कोणी काही काढून घेतले नाही. चाचणी योग्य होती असेच आमचे मत आहे. तरी त्या 808 जणी आमच्या मनातून जात नाहीत. शिवाय आपल्याकडे नर्सबाईंनी विचारले तर "तुम्ही म्हणाल तसं" याखेरीज दुसरे उत्तर बाया देतात कुठे? आपले बाळंतपण जिच्या हातात, तिला नाही म्हणण्याची मोकळीक जिला वाटत नाही, तिच्या होकारात किआनूच्या होकाराचा थोडा अंश उरतोच. तो उरू नये म्हणून सासूला, नवऱ्याला नव्हे, तर तिला स्वतःला, तिच्या भाषेत आणि कळा येण्यापूर्वी पुष्कळ आधी सांगितले पाहिजे, आणि नाही म्हटले तरी तुझी सेवा तशीच होईल हे तिला पटले पाहिजे.

आजीला आम्ही परवा जाऊन भेटलो. म्हटले, "आजी, औषध ओतून टाका असं आम्ही म्हणणार नाही. पण दाविदानं निदान सगळ्यांसमोर बोलून दाखवलं की हे कुणाचं रक्त आहे." आजीने मान हलवली. पटले की नाही ते बोलली नाही. चहा ठेवायला सुनेला हाक मारली.

पुढच्या रविवारी आमच्या संडे स्कूलमध्ये फादर दामियनांचा धडा आहे. फळ्यावर त्यांच्या नावाशेजारी किआनूचे नावही लिहायचे शिक्षकांनी ठरवले आहे.