वारशाने आलेले पिस्तूल आणि अधिकाराचा प्रश्न

वडिलांच्या पश्चात मुलाच्या हाती आलेले शस्त्र ही मालमत्ता मानावी, स्मृती मानावी, की कोणी विश्वासाने सोपवलेली ठेव मानावी, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात फार जुना आहे. छत्तीसगडमधील मराठी कुटुंबांच्या बाबतीत मात्र त्याला एक खास ऐतिहासिक संदर्भही आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्यास रतनपूर आणि रायपूर या भागांवर बसला, १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार पाहिला, आणि तेव्हापासून या प्रदेशात मराठी कुटुंबे स्थायिक होत गेली. इंग्रजी राजवटीत त्यांतील काही मालगुजार झाली. मालगुजार म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी घेऊन गावाची मालकी भोगणारा जमीनदार. पुढे १९५० च्या दशकात सोव्हिएत साहाय्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला, तेव्हा नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसांची नवी भर त्या जुन्या वस्तीत पडली. दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतील बोरसीसारख्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी घराच्या मागे यांपैकी कोणताही इतिहास असू शकतो, आणि जिथे तो मालगुजारीचा किंवा संस्थानी चाकरीचा असतो, तिथे जुनी दुनाळी, भरमार बंदूक किंवा क्वचित एखादे विलायती पिस्तूल परवान्यासह पुढच्या पिढीकडे येण्याचा संभव असतो.

अशा शस्त्राभोवती जाणकारांची जी चर्चा रंगते, तिचे विषय ठरलेले असतात. रिव्हॉल्व्हर, म्हणजे फिरत्या चक्रीत सहसा सहा काडतुसे धरणारे शस्त्र, अधिक भरवशाचे की पिस्तूल, म्हणजे मुठीतल्या मॅगझीनमधून प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप नळीत घेणारे शस्त्र, अधिक सफाईचे, हा पहिला वाद. चापाचा ताण, मुठीची पकड, पोलादावरील निळसर झिलई आणि नळीवरचा कारखान्याचा ठसा हे त्यानंतरचे मुद्दे. भारतात या तुलनेला कायद्यामुळे वेगळे वळण मिळाले आहे. ९ मिलिमीटरसारखी सैन्याच्या वापरातील मापे सामान्य नागरिकाला वर्ज्य असल्यामुळे ०.३२ इंचाचे माप हेच नागरी हातशस्त्रांचे मुख्य माप ठरले, आणि १९८० च्या दशकात खाजगी आयात बंद झाल्यामुळे बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटची किंवा अमेरिकेच्या कोल्टची जुनी पिस्तुले संख्येने जेवढी होती तेवढीच राहिली. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तरी आजोबांच्या काळातील विलायती पिस्तुलाची प्रतिष्ठा त्यामुळे कमी झाली नाही. ही प्रतिष्ठा काही अंशी कारागिरीची आहे, काही अंशी दुर्मिळतेची आहे, आणि उरलेली स्मृतीची आहे. या तिन्हींची गल्लत होते तिथेच नैतिक प्रश्न झाकला जातो.

शस्त्रांची तुलना करणाऱ्या रसिकाचे चित्र महाभारताच्या विराटपर्वात पूर्णपणे रेखाटलेले आहे. अज्ञातवासात पांडवांनी शमीच्या झाडावर लपवलेली शस्त्रे काढण्यासाठी राजपुत्र उत्तर वर चढतो, आवरण सुटताच ती तेजस्वी धनुष्ये पाहून चकित होतो आणि एकेक धनुष्य, भाता व तलवार दाखवून विचारतो, की सोन्याचे ठिपके असलेले हे कोणाचे, हत्तींची चित्रे असलेले ते कोणाचे. अर्जुन त्याला क्रमाने उत्तरे देतो, आणि गांडीवाबद्दल बोलताना ते ब्रह्मा, प्रजापती, इंद्र, सोम आणि वरुण यांच्याकडून आपल्यापर्यंत कसे आले ती परंपरा सांगतो. इथे प्रश्न आणि उत्तर यांची पातळी वेगळी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. राजपुत्राची नजर सोन्यावर आहे, तर अर्जुनाची उत्तरे त्या शस्त्रांच्या धारकांची नावे आणि काही ठिकाणी त्यांनी त्या शस्त्रांनी केलेले कर्म सांगतात. मुख्य म्हणजे इतके सारे पाहून झाल्यावरही उत्तराच्या हाती गांडीव येत नाही. तो सारथ्य करतो. दसऱ्याला शमीचे पूजन करताना या कथेची आठवण महाराष्ट्रात सर्वत्र ठेवली जाते, परंतु ती शस्त्रे वर्षभर नजरेआड ठेवलेली होती, आणि कोणी जवळ जाऊ नये म्हणून पांडवांनी त्या झाडाला एक प्रेत बांधले होते, हा तपशील पूजेच्या उत्साहात बहुधा गळून पडतो.

वारशाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची कथा अश्वत्थाम्याची आहे. सौप्तिकपर्वात कृष्ण सांगतो, की द्रोणाने ब्रह्मशिर हे अस्त्र आपल्या मुलाला मागितल्यावरून दिले खरे, पण मनाविरुद्ध दिले आणि ते माणसांवर सोडू नकोस अशी ताकीद दिली. पुढे अश्वत्थामा द्वारकेला गेला आणि हे अस्त्र घेऊन त्याबदली सुदर्शन चक्र द्यावे अशी मागणी त्याने कृष्णापुढे ठेवली. कृष्णाने घे म्हटले, तेव्हा आधी डाव्या आणि मग उजव्या हाताने प्रयत्न करूनही ते त्याला उचलता आले नाही. बलराम किंवा प्रद्युम्न यांनीही जे कधी मागितले नाही ते तू का मागतोस, असे विचारल्यावर त्याने सांगितले, की हे मिळाले असते तर तुझ्याशीच लढून अजिंक्य झालो असतो. शस्त्राची अदलाबदल करू पाहणारा, अधिक चांगल्याचा लोभ धरणारा हा वारस अखेरीस पित्याचे अस्त्र सोडतो, पण ते परत घेण्याची शक्ती त्याच्याजवळ नसते. अर्जुन मात्र आपले अस्त्र आवरू शकतो. वस्तू पित्याकडून पुत्राकडे गेली, संयम गेला नाही, हे या कथेचे मर्म आहे.

यालाच शास्त्रीय परिभाषेत अधिकाराचा प्रश्न म्हणतात. अधिकार म्हणजे नुसता हक्क नसून एखादे कर्म करण्याची पात्रता होय, आणि ती जन्माने मिळते की साधनेने, याबद्दल परंपरेत मतभेद असले तरी अस्त्रविद्येच्या बाबतीत गुरूने शिष्याची परीक्षा घ्यावी याबद्दल मतभेद नाही. याउलट मालमत्तेचा नियम वेगळा आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने लिहिलेल्या आणि महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांच्या वाटणीवर शतकानुशतके प्रभाव असलेल्या मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित संपत्तीत पुत्राचा हक्क जन्मतःच निर्माण होतो, त्यासाठी त्याला काहीही सिद्ध करावे लागत नाही. घर, शेत आणि दागिने या नियमाने येतात. पिस्तूल तसे येऊ शकत नाही. विशेष असे, की आधुनिक भारतीय कायद्याने हाच भेद स्वीकारला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो सत्तर वर्षांचा झाल्यावर वा त्याने पंचवीस वर्षे शस्त्र बाळगल्यावर, कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. परंतु वारसाला स्वतः अर्ज करावा लागतो, त्याच्या पात्रतेची पोलीस चौकशी होते आणि इतर वारसांची हरकत नसावी लागते. म्हणजे लोखंड वारशाने आले तरी ते धारण करण्याचा अधिकार प्रत्येक पिढीला नव्याने मिळवावा लागतो. हा नियम कचेरीतील कटकट समजला जातो, ही खेदाची गोष्ट आहे, कारण त्यात धर्मविचाराला मान्य होईल असे तत्त्व आहे.

जुन्या परवान्याला पूर्वजांच्या शौर्याचा पुरावा मानण्याची प्रवृत्तीही तपासून घ्यायला हवी. या प्रदेशात इंग्रजांविरुद्ध उभे राहिलेल्यांच्या वाट्याला परवाना आला नाही: १८५७ च्या उठावात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात मृत्युदंड देण्यात आला. पुढे १८७८ च्या कायद्याने भारतीयांच्या हातातील शस्त्रांवर परवान्याचे बंधन आले, त्यातून युरोपियनांना सूट राहिली, आणि परवाना मिळणे हे मोठ्या अंशी सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहिले. गांधींसारख्या अहिंसावाद्यानेही एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करण्याचा निषेध केला, याचे कारण हेच, की ज्याला शस्त्र उचलताच येत नाही त्याच्या शस्त्रत्यागाला नैतिक मोल उरत नाही. या पार्श्वभूमीवर १९२०-३० च्या सुमाराचे एखादे मालगुजारी पिस्तूल पाहताना ते बहुधा पराक्रमाचे नसून विश्वासू प्रजाजन ठरण्याचे चिन्ह होते, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. त्यामुळे पूर्वजांविषयीचा आदर कमी होण्याचे कारण नाही; आदराचा आधार मात्र खरा असला पाहिजे.

शस्त्र नुसते जवळ असण्याने मनावर काय परिणाम होतो, याचे सर्वांत सूक्ष्म विवेचन रामायणाच्या अरण्यकांडात सीतेच्या तोंडी आले आहे. दंडकारण्यात शिरताना ती रामाला सांगते, की एका तपस्व्याच्या व्रतात विघ्न आणण्यासाठी इंद्राने योद्ध्याच्या वेषात येऊन त्याच्याकडे एक खड्ग न्यास म्हणून ठेवले. न्यास म्हणजे दुसऱ्याची विश्वासाने सांभाळायची ठेव. ती हरवू नये म्हणून तो तपस्वी फळेमुळे आणायलाही खड्ग घेऊन जाऊ लागला, आणि सतत सोबत राहिल्याने त्याची बुद्धी हळूहळू क्रूर होऊन तो अधोगतीस गेला. ठेव सांभाळण्याच्या कर्तव्यातूनच हा ऱ्हास घडला, यात या कथेची खोली आहे. शस्त्राला आपण न्यास मानतो असे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. ती ठेव कोठे राहते, कोणाच्या नजरेस किती वेळा पडते आणि मन तिच्याभोवती कसे फिरते, यावर सारे अवलंबून असते.

जैन आचारशास्त्राने हा विचार गृहस्थाच्या नियमांत उतरवला. समंतभद्राच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंड, म्हणजे प्रयोजनाशिवाय केलेले पापकर्म, पाच प्रकारचे सांगितले असून, हिंसेची साधने दुसऱ्याला देणे, म्हणजे हिंसादान, हा त्यांतला एक, आणि दुसऱ्याच्या वधबंधनाचे चिंतन, म्हणजे अपध्यान, हा दुसरा आहे. दुर्गजवळच्या नगपुरा येथील पार्श्वनाथाच्या तीर्थास जाणाऱ्या श्रावकाला ही यादी परिचित असेल. पिस्तुलांच्या तुलनेत रमणाऱ्याने तिच्याशी स्वतःला ताडून पाहावे, कारण कोणते हत्यार किती अंतरावरून किती परिणामकारक, ही चर्चा यंत्राच्या कौतुकातून अपध्यानात केव्हा शिरते हे बोलणाऱ्यालाच कळू शकते. बौद्ध परंपरेत तर उपासकाला वर्ज्य असलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार येतो, आणि ज्या विजयादशमीला घरोघर शस्त्रे पूजली जातात त्याच तिथीला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली.

भिलाईत १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेत यंत्रे आणि अवजारे पूजली जातात, आणि दसऱ्याची शस्त्रपूजा तिचाच विस्तार आहे असे पुष्कळांना वाटते. हे साम्य अपुरे आहे. लेथची पूजा दुसऱ्या दिवशी तिच्यावर काम होणार म्हणून होते. पिस्तुलाच्या पूजेत मात्र ते चालवण्याची वेळ येऊ नये अशी प्रार्थना अध्याहृत असते, आणि ती नसेल तर त्या पूजेला धर्माचा आधार उरत नाही.

महाप्रस्थानिकपर्वात पांडव राज्य सोडून निघाले असता अग्नी वाट अडवून गांडीव वरुणाला परत करण्यास सांगतो, कारण अर्जुनाने तोवरही, मौल्यवान वस्तूच्या लोभाने, असे ग्रंथच म्हणतो, ते सोडलेले नव्हते. मग भावांच्या आग्रहावरून तो धनुष्य आणि अक्षय भाते पाण्यात टाकतो. त्याआधी मौसलपर्वात त्याच धनुष्याला दोरी चढवताना त्याचे हात थकलेले होते आणि अस्त्रे आठवत नव्हती, तरी आसक्ती टिकून होती. सत्तरीला पोचलेल्या परवानाधारकाला कायद्याने जिवंतपणीच शस्त्र पुढे सोपवण्याची वाट दिली आहे ती याच अवस्थेसाठी उपयोगाची आहे: मुलांपैकी कोणाला ते हवे आहे, कोणाला नको आहे, ज्याला हवे त्याचा स्वभाव आणि त्याचे घर त्यासाठी योग्य आहे काय, ही चर्चा वडिलांच्या हयातीत, सर्व भावंडांच्या समक्ष होऊ शकते, आणि उत्तर नकारार्थी आले तर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे ते जमा करून टाकण्यात कुळाची कोणतीही अप्रतिष्ठा नाही.