तक्रार : शब्द, विभक्ती आणि नीती

द्विभाषिक कोशात एका भाषेतील शब्दासमोर दुसऱ्या भाषेतील शब्द ठेवला, की त्या दोहोंमध्ये समतेचे चिन्ह आहे असे आपण गृहीत धरतो. वस्तूंच्या नावांबाबत हे गृहीतक बरेचसे चालून जाते. जे शब्द मानवी वर्तनाला नाव देतात आणि नाव देतानाच त्याचे मूल्यमापनही उरकून घेतात, त्यांच्याबाबत मात्र ते टिकत नाही. तक्रारीची शब्दसंपदा हे याचे लक्षणीय उदाहरण होय. इंग्रजीतील अशा शब्दांसमोर लिथुआनियन भाषेतील पर्याय मांडून पाहिले, तर हा प्रश्न केवळ पर्यायांचा राहत नाही. आपले दुःख बोलून दाखविण्याचा अधिकार कोणाला आणि ते ऐकण्याचे दायित्व कोणावर, असा नैतिक प्रश्न त्यातून पुढे येतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम इंग्रजी शब्द पाहू. 'कम्प्लेन' या क्रियापदाच्या मुळाशी 'प्लांगेरे' हा लॅटिन धातू आहे. त्याचा अर्थ आघात करणे, शोकाने ऊर बडविणे. न्यायालयातील वादीला 'प्लेंटिफ' म्हणतात तो शब्द आणि करुण स्वराला 'प्लेंटिव्ह' म्हणतात तो शब्द, हे दोन्ही याच मुळातून आले. ऊर बडविणारे शरीर आणि दावा दाखल करणारा नागरिक यांचे कूळ एकच आहे, हे इंग्रजी भाषेने आपल्या शब्दांत जपून ठेवले आहे. वैद्यकात तर 'कम्प्लेंट' म्हणजे सरळ व्याधी. रुग्ण डोकेदुखीची 'कम्प्लेंट' सांगतो, तेव्हा त्यात दूषण देण्यासारखे काही आहे असे कोणी मानीत नाही. 'ग्रीव्हन्स' या शब्दात गुरुत्व आहे. जड, भारभूत या अर्थाच्या लॅटिन विशेषणापासून तो निघाला.

परंतु याच क्षेत्रात दुसरीही एक वसाहत आहे. 'ग्रंबल', 'मोन', 'व्हाइन', 'नॅग', 'ग्राइप' हे तिचे रहिवासी. हे शब्द काय सांगितले गेले ते कळवीत नाहीत. ऐकणाऱ्याला ते कसे वाटले तेवढेच कळवितात. 'व्हाइन' हा कुत्र्याच्या केविलवाण्या आवाजालाही वापरला जाणारा शब्द आहे. तो माणसाला लावला, की त्याच्या बोलण्यातील आशय गळून पडतो आणि ध्वनी तेवढा उरतो. शिवाय या शब्दांची वाटणी समाजात सारखी झालेली नाही. मूल 'व्हाइन' करते, पत्नी 'नॅग' करते, हाताखालचा माणूस 'ग्रंबल' करतो. प्रतिष्ठित पुरुष मात्र निषेध नोंदवितो. म्हणणे एकच असले तरी म्हणणाऱ्याच्या स्थानानुसार क्रियापद बदलते.

या दुसऱ्या वसाहतीचे लिथुआनियन पर्याय शोधणे फारसे कठीण नाही. 'ग्रंबल'साठी 'बांबेती' आहे; 'व्हाइन'साठी 'इंक्श्ती' आहे, आणि तेही मुळात कुत्र्याचेच कण्हणे होय. दुर्बलाच्या बोलण्याला प्राण्याचा आवाज ठरविण्याची युक्ती कोणा एका भाषेची मिरास नाही. आपल्या 'कुरकुर' आणि 'पिरपिर' या शब्दांतही आशय हिरावून ध्वनी ठेवण्याचाच प्रकार घडतो.

अडचण येते ती 'कम्प्लेन' या मध्यवर्ती शब्दापाशी. त्याच्यासमोर लिथुआनियनमध्ये एक नव्हे, दोन क्रियापदे उभी राहतात : 'स्कूस्ती' आणि तिचे आत्मवाचक रूप 'स्कूस्तिस'. संस्कृतप्रमाणेच ही भाषा विभक्तिप्रत्ययांनी समृद्ध आहे. म्हणून आपल्या परिचयाच्या कारकव्यवस्थेतून हा भेद नीट उलगडता येतो. 'स्कूस्तिस' या रूपाबरोबर ज्याचा त्रास होतो ते तृतीयेत येते. डोकेदुखी तृतीयेत, थंडी तृतीयेत, आणि शेजाऱ्याचा उपद्रव होत असेल तर शेजारीही तृतीयेत. ज्याला हे सांगावयाचे तो चतुर्थीत. मग 'स्कूस्ती' हे साधे रूप योजले, की तोच शेजारी द्वितीयेत जातो. तृतीयेतला शेजारी हे माझ्या दुःखाचे कारण असते. द्वितीयेतला शेजारी हे माझ्या कृतीचे कर्म होते. पहिल्या वाक्यात मी व्यथा सांगतो, दुसऱ्यात मी त्याच्याविरुद्ध कळवितो. इंग्रजीतील एकच क्रियापद जे दोन अर्थ एकत्र बाळगते, ते येथे विभक्तीने वेगळे केले आहेत.

या द्वितीयेला लिथुआनियाच्या इतिहासाने फार वजन दिले. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने हा देश गिळंकृत केला. १९४१ ते १९४४ या काळात तेथे जर्मनांचा अंमल होता. त्यानंतर पुन्हा सोव्हिएत सत्ता आली आणि ११ मार्च १९९० रोजी स्वातंत्र्याची पुनःस्थापना घोषित होईपर्यंत टिकली. अशा राज्यव्यवस्थेत कोणाचे नाव द्वितीयेत घालून चतुर्थीत सत्तेला बसविणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. 'स्कुंदस' म्हणजे तक्रार. 'स्कुंदिकस' म्हणजे मात्र तक्रारदार नव्हे, चहाडखोर. इंग्रजीतील 'कम्प्लेनर' फार तर कंटाळवाणा असतो. 'स्कुंदिकस' धोकादायक असतो. कोशाने हे दोन शब्द समोरासमोर ठेवले, तर तो चूक करीत नसेल, पण एका समाजाची भीती तो गाळून टाकतो.

तरीही 'स्कूस्ती' हे क्रियापद मुळातच कलंकित आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. न्यायालयाच्या निर्णयावर अपील करावयाचे, तर हेच क्रियापद लागते. तेथे निर्णय द्वितीयेत जातो आणि अपिलाच्या अर्जाला 'स्कुंदस' हेच नाव आहे. चहाडी आणि नागरिकाचा हक्क यांना एकच धातू पुरतो. मग त्यांना वेगळे करणारे तत्त्व कोणते?

या ठिकाणी जे. एल. ऑस्टिन यांचे विवेचन उपयोगी पडते. त्यांच्या १९५५ च्या हार्वर्ड व्याख्यानांतून साकारलेला आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आलेला भाषिक कृतींचा विचार सर्वपरिचित आहे. काही क्रियापदे प्रथमपुरुषी वर्तमानकाळात उच्चारली, की ती कृतीच घडते, हे त्यांचे निरीक्षण. ही कसोटी आपल्या शब्दांना लावून पाहू. 'मी तक्रार करतो' असे म्हणून तक्रार करता येते. 'मी पिरपिर करतो' असे म्हणून मात्र कोणी पिरपिर करीत नाही. स्वतःची थट्टा करावयाची असेल तरच ते वाक्य संभवते. याचा अर्थ असा, की 'व्हाइन', 'इंक्श्ती' किंवा 'पिरपिर' हे दुःखिताचे शब्दच नव्हेत. ते ऐकणाऱ्याचे शब्द आहेत, दुःखितावर लादलेले. चहाडीची गत वेगळी : तिला प्रथमपुरुष असतो, पण तो लपलेला असतो. उघड तक्रार तेवढी 'मी' म्हणून पुढे येते.

याला एक आक्षेप संभवतो, आणि तो लिथुआनियाच्याच इतिहासातून येतो. १९७२ मध्ये तेथील सतरा हजारांहून अधिक कॅथलिकांनी धर्मस्वातंत्र्याच्या गळचेपीविषयीचे निवेदन सह्यांनिशी ब्रेझ्नेव्ह यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासचिवांमार्फत पाठविले. ही प्रथमपुरुषी तक्रार झाली. परंतु त्याच वर्षी सुरू झालेले 'लिथुआनियातील कॅथलिक चर्चची बखर' हे नियतकालिक गुप्तपणे टंकलिखित होऊन हातोहात फिरत असे. १९८९ पर्यंत त्याचे ८१ अंक निघाले आणि त्यावर संपादकाचे नाव नसे. मग लपलेला प्रथमपुरुष हा चहाडीचाच गुण कसा म्हणावा? याचे उत्तर जोखमीत आहे. चहाडखोर सत्तेच्या आश्रयाने लपतो आणि जोखीम द्वितीयेतल्या माणसावर टाकतो. बखरीचे लेखक सत्तेपासून लपत होते आणि जोखीम त्यांच्यावरच होती. बखरीच्या प्रती करण्यात गुंतलेल्या नियोले सादूनाइते यांना १९७५ मध्ये तीन वर्षे श्रमछावणी आणि तीन वर्षे हद्दपारी अशी शिक्षा झाली. संपादक सिगितास ताम्केविचुस १९८३ मध्ये पकडले गेले. तेव्हा तक्रारीचे नैतिक मोल सहीवर नव्हे, तर बोलण्याची किंमत कोण मोजतो यावर ठरते, अशी दुरुस्ती आपल्या सूत्रात करावी लागेल.

तत्त्वज्ञांनी तक्रारीकडे फारशा आदराने पाहिलेले नाही. कांट यांनी १७९७ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात, शारीरिक वेदनेतही विव्हळणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे म्हटले आहे. पण त्याच विवेचनात, कोणालाही आपले हक्क निर्धोकपणे तुडवू देऊ नका, असेही ते बजावतात. विव्हळू नये आणि हक्क सोडू नये, या दोन आज्ञा एकत्र पाळता येतात, पण केवळ तेथे, जेथे हक्काची भाषा बोलण्याची सोय आहे. ल्योतार यांनी १९८३ मध्ये नेमके याच्यावर बोट ठेवले : ज्या वादीपाशी आपला वाद सिद्ध करण्याची साधने उरत नाहीत, तो वादी राहत नाही, बळी होतो. अशा माणसाजवळ विव्हळण्यापलीकडे काय शिल्लक राहते? ज्याला न्यायालय नाही, त्याच्या विव्हळण्याला हीन लेखणे म्हणजे ज्याचे दार आपण बंद केले त्यालाच, तू दाराने का आला नाहीस, असे विचारणे होय.

आणि न्यायाची अपेक्षाच नसलेलीही एक तक्रार असते. लिथुआनियन लोकपरंपरेत मृतासाठी गायिलेल्या विलापाला 'राउदा' म्हणतात. हा शब्द आपल्या 'रोदन'चा, संस्कृतातील 'रुद्' धातूचा सगोत्र आहे. या विलापात मृतालाच संबोधून, आम्हांला सोडून का गेलास, असे विचारले जाते. येथे चतुर्थीत बसलेला ऐकू शकत नाही, भरपाई अशक्य असते, आणि तरीही हे बोलणे निरर्थक आहे असे त्या समाजाला वाटले नाही. त्याने त्याला रीत दिली, स्वर दिला. कांट यांच्या निषेधाला येथे मर्यादा पडते. सर्व तक्रारी निवाडा मागत नाहीत. काही केवळ साक्षी मागतात.

अर्थात प्रत्येक कुरकुर खरी असते आणि प्रत्येक विलाप पवित्र, असे यातून सिद्ध होत नाही. क्षुल्लक गोष्टींवरून इतरांना वेठीस धरणारी माणसे असतात आणि त्यांच्यासाठी भाषेला शब्दही लागतातच. म्हणणे एवढेच आहे, की नाव देण्याआधी ऐकावे लागते. 'व्हाइन' म्हणावयाचे की 'कम्प्लेन' याचा निर्णय भाषांतरकारालाही कोशातून उचलता येत नाही, त्याला तो आधी श्रोता होऊन घ्यावा लागतो. 'तक्रार' या आपल्या शब्दाचा मूळ अरबी अर्थ पुनरावृत्ती असा आहे. ज्याला एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगावी लागते, त्याला चिकाटीचा कंटाळवाणा माणूस म्हणता येईल. पण पहिल्या वेळी चतुर्थीच्या जागी कोणी होते काय, हा प्रश्न त्यापूर्वी विचारावयास हवा.