एक जूनचे वाढदिवस



मागे एकदा रविवारच्या मिस्साबलिदानानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांचा एक खेळ घेतला होता. भिंतीवरची दिनदर्शिका खाली उतरवली, चटईवर मधोमध ठेवली आणि सांगितले, "प्रत्येकाने आपला वाढदिवस शोधा. तो यंदा कोणत्या वारी येतो ते सांगा. पुढच्या वर्षी कोणत्या वारी येईल तेही सांगा, पण पुढच्या वर्षीची दिनदर्शिका न पाहता."

थोडा वेळ गोंधळ झाला. मग एका मुलाने बोटांवर हिशेब केला. वर्षाचे दिवस ३६५. बावन्न आठवड्यांचे ३६४ झाले, उरला एक. म्हणजे यंदाचा सोमवार पुढच्या वर्षी मंगळवार. मध्ये २९ फेब्रुवारी आली तर एक वार सोडून बुधवार. मुलांना ही गंमत फार आवडली. मग घरातल्या सर्वांचे वाढदिवस शोधायचे ठरले, आणि तिथे पाचवीतल्या एका मुलीने मान वर केली.

"सर, माझ्या आबाजीचा वाढदिवस एक जून. आजीचाबी एक जून. अन् बाजूच्या काकांचाबी एक जूनच. असं कसं?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण माझाही जन्मदिनांक कागदोपत्री १ जूनच आहे. मी मुलांना कारण सांगितले. पूर्वी खेड्यापाड्यांत जन्माची नोंद सर्वच घरी होत नसे. पोराला शाळेत नेले की गुरुजी त्याला डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरायला सांगत. कान हाती लागला की पोरगा शाळेच्या वयाचा झाला असे समजायचे. शाळा जूनमध्ये सुरू होई. तेव्हा प्रवेशाच्या वेळी मुलाचे वय नेमके पुरे भरावे म्हणून गुरुजी रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. म्हणून महाराष्ट्रात आजही घरोघरी १ जूनचे वाढदिवस सापडतात. आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो सरकारी नियमाप्रमाणे आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजी शाळांत आणि कचेऱ्यांत निरोपाच्या हारांची रांग लागते. माझाही हार त्याच दिवशीचा.

मुलीने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग ते खोटं आहे का, सर?"

त्या दिवशी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. आपण मुलांना खरे बोलायला शिकवतो आणि आपल्याच दाखल्यावर जो दिवस लिहिला आहे, तो आपला नाही हे आपल्याला ठाऊक असते. याला काय म्हणायचे?

माझी आई अडाणी होती. ती म्हणायची, "पोयाच्या दुसऱ्या दिवशी झाला तू. नाल्याले असा पूर होता का सुईण पलीकडंच अडकली." श्रावणातल्या अमावस्येला पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी. यात संशयाला जागा नाही. पण वर्ष विचारले की ती म्हणे, "विहिरीले पाणी लागलं त्या साली." विहिरीला पाणी कधी लागले ते कोणीच लिहून ठेवले नव्हते. आईकडे दिवस होता, वर्ष नव्हते. शाळेकडे वर्ष होते, दिवस नव्हता, आणि ते वर्षही गुरुजींचा अंदाजच.

पण विचार करता करता माझ्या लक्षात आले की, या बाबतीत मी फार मोठ्या सोबतीत आहे. आपण २५ डिसेंबरला नाताळ साजरा करतो, पण प्रभू येशूचा जन्मदिवस कोणत्याही शुभवर्तमानात लिहिलेला नाही. २५ डिसेंबरची नोंद आपल्याला इ. स. ३५४ मध्ये रोमला तयार झालेल्या एका दिनदर्शिकेत सापडते. वर्षाचेही तेच. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची रीत डायोनिसियस नावाच्या एका मठवासी साधूने सहाव्या शतकात, इ. स. ५२५ च्या सुमारास घालून दिली. त्याचा हिशेब काही वर्षांनी चुकला असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. कारण येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळातला, आणि हेरोद तर साधारणपणे इ. स. पूर्व ४ मध्ये मरण पावला असे धरले जाते. म्हणजे साऱ्या जगाच्या कागदपत्रांवर जे वर्ष लिहिले जाते, ते एका प्रामाणिक माणसाच्या अंदाजावर उभे आहे.

पुढे आणखी एक चूक ध्यानात आली. जुन्या दिनदर्शिकेतले वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा थोडे मोठे होते. शतकानुशतके तो फरक साचत गेला आणि ईस्टरचा हिशेब ऋतूंपासून सरकू लागला. तेव्हा तेरावे पोप ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दिनदर्शिका सुधारली. ४ ऑक्टोबर, गुरुवार, याच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार, असे ठरले. दहा तारखा गळाल्या, वार मात्र मोडला नाही. आविलाची संत तेरेजा नेमक्या त्याच रात्री स्पेनमध्ये देवाघरी गेली. म्हणून तिचा सण आपण १५ ऑक्टोबरला पाळतो.

ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, कारण तिच्यात खरेपणाचा एक धडा आहे. ख्रिस्तसभेने आपली चूक झाकून ठेवली नाही. मोजणी चुकली हे मान्य केले, ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना विचारले आणि सर्वांसमक्ष दुरुस्ती केली. माहीत नसलेला दिवस अंदाजाने ठरवणे आणि तो अंदाज आहे हे उघड सांगणे, यात खोटे काही नाही. खोटेपणा सुरू होतो तो दिवस माहीत असूनही दुसरा लिहिला जातो तेव्हा, आणि त्याहीपेक्षा, त्यातून दुसऱ्याचे काही काढून घेतले जाते तेव्हा.

असे घडत नाही का? मुलीचे लग्न लवकर उरकायचे म्हणून तिचे वय वाढवून सांगणारी माणसे आपल्या आसपास असतात. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याप्रमाणे मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पुरी व्हावी लागतात. तिथे चुकीची लिहिलेली तारीख म्हणजे तिचे शिक्षण, तिचे आरोग्य आणि तिचे बालपण यांची चोरी असते. गुरुजींच्या १ जूनने कोणाचे काही हिरावले नाही, उलट एका पोराला शाळेचे दार उघडून दिले. कागदावर दोन्ही तारखा सारख्याच चुकीच्या दिसतात. देवापुढे त्या सारख्या नाहीत.

हे ओळखायचे तर मोजता यावे लागते. म्हणून मला वाटते, मुलांना दिनदर्शिका वाचायला शिकवणे हे केवळ गणिताच्या तासाचे काम नाही. वऱ्हाडातल्या सालदारांचेच उदाहरण घ्या. सालदाराचे साल पाडव्याला ठरे, पाडव्याला संपे. खाडे मालकाच्या वहीत लिहिले जात. आता मुलांनी दिनदर्शिका घेऊन मोजून पाहावे. २०२३ चा गुढीपाडवा २२ मार्चला होता, २०२४ चा ९ एप्रिलला. मधले दिवस भरतात ३८४, कारण त्या साली श्रावण अधिक होता. पुढचा पाडवा ३० मार्च २०२५ चा. ते साल भरते फक्त ३५५ दिवसांचे. दोन्हीला नाव एकच, 'एक साल'. दोन्ही सालांची मजुरी एकच ठरली असेल, तर जास्तीचे एकोणतीस दिवस कोणाचे? मालक वाईटच असतो असे मी म्हणत नाही. पण ज्याला मोजता येत नाही, त्याच्या मनात हा प्रश्न उमटतच नाही. त्याचे दिवस दुसराच कोणीतरी मोजत असतो.

आपल्या भाषेतही मोजणीची अशी एक गाठ आहे. "आठ दिवसांनी या," असे आपण म्हणतो तेव्हा सातच दिवस धरतो. सोमवारी बोललो तर पुढचा सोमवार. आजचा दिवस आणि त्या दिवसाचा दिवस, दोन्ही धरले की आठ होतात. "पंधरा दिवसांनी" म्हणजे चौदा. दवाखान्यात "पंधरा दिवसांनी दाखवायला या" असे सांगितले आणि औषधाच्या गोळ्या चौदाच दिल्या, तर एका दिवसाचा घोळ होतो. तेव्हा मुलांना सवय लावावी की, कोणी "इतक्या दिवसांनी" म्हटले तर विचारायचे, "म्हणजे कोणती तारीख?" हा उद्धटपणा नव्हे. दिलेला शब्द नीट पाळता यावा म्हणून विचारलेला तो प्रश्न आहे.

ही मोजणी समजली की श्रद्धेतलीही एक गाठ सुटते. प्रभू शुक्रवारी मरण पावला आणि रविवारी उठला. मग तिसरा दिवस कसा, असे मुले विचारतात. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. पहिला दिवस धरून मोजायचे, आपल्या आठवड्यासारखेच. तसेच प्रायश्चित्तकाळाचे. २०२५ मध्ये राखेचा बुधवार ५ मार्चला होता आणि ईस्टर २० एप्रिलला. राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत मुलांना मोजायला लावा, ४६ दिवस येतील. मग चाळीस दिवसांचा उपवास कसा? मधले सहा रविवार वजा करा, कारण रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासाचा नव्हे. एका वजाबाकीत मुलाला रविवारचे मोल कळते.

यासाठी पैसे लागत नाहीत. बहुतेक घरांत भिंतीवर एक दिनदर्शिका असतेच. १९७३ मध्ये निघालेल्या कालनिर्णयने तारीख आणि तिथी एकाच चौकोनात वाचायची सवय महाराष्ट्राला लावली. त्या चौकोनात आपण दुधाचा हिशेब लिहितो, गॅसची टाकी कधी लावली ते लिहितो. हे लिहिण्याचे काम घरातल्या लहान मुलाकडे द्या. बंद मुठीच्या उंचवट्यांवर एकतीसचे महिने आणि खोलगट जागी लहान महिने मोजायला शिकवा. उधार आणलेली वस्तू परत करायची तारीख त्याच्याच हाताने लिहून घ्या, आणि तो दिवस आला की वस्तू परत करायला त्यालाच पाठवा. शब्द आणि दिवस यांची सांगड त्याच्या मनात तिथेच बसेल.

मोठ्यांसाठीही दोन शब्द. बाळाच्या जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी, असे १९६९ चा कायदा सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. आता कोणी गुरुजी १ जून लिहून अडचण निभावून नेणार नाहीत. आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वहीतही बाप्तिस्म्याच्या दिवसाबरोबर जन्माचा दिवस लिहिला जातो. तिथे सांगताना जे खरे तेच सांगावे. नुसत्या हिशेबाने माणूस शहाणा होत नाही, हेही खरे. मोशेची प्रार्थना म्हणून ओळखले जाणारे ९० वे स्तोत्र आपण वाचतो. त्यात मोशेने देवाकडे अधिक दिवस मागितले नाहीत, आहेत ते मोजायची शिकवण मागितली.

पुढच्या रविवारी ती मुलगी वर्ग सुरू होण्याआधीच येऊन बसली होती. मी तिला सांगितले, "तुझ्या आबाजींची तारीख खोटी नाही. ती न कळलेली आहे. खरी कोणती ते त्यांना विचारून बघ."

"विचारलं," ती म्हणाली. "आबाजीले काही आठवत नाही. पण आजी म्हणे, तिची माय कापूस वेचून आली अन् त्याच रात्री ती झाली. नाताळ दोन दिवसांवर होता म्हणे."

मग तिने दिनदर्शिका मागितली. डिसेंबरचे पान उघडले, २५ वरून मागे दोन बोटे मोजली आणि २३ च्या चौकोनात पेन्सिलने 'आजी' असे लिहिले. पुढे थोडा विचार करून एक लहानसे प्रश्नचिन्ह काढले.

मला जे इतक्या दिवसांत नीट सांगता आले नव्हते, ते त्या चौकोनात लिहिलेले होते. आपण सर्वांनी या आठवड्यात घरातल्या वृद्ध माणसांजवळ बसावे आणि त्यांचा दिवस कोणता, ते मुलांना विचारायला सांगावे.