हा दगड कुठला?

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला जुनी माणसं अजूनही अजब बंगला म्हणतात. तिथल्या संग्रहात एक संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात एका बापाचं दुःख कोरलेलं आहे. सूर्यघोष नावाच्या राजाचा मुलगा राजवाड्याच्या गच्चीवरून पडून गेला. त्या शोकातून राजाने शाक्यमुनी बुद्धाचं मंदिर उभारलं. काळाच्या ओघात ते मंदिर जीर्ण झालं आणि पांडववंशातल्या भवदेव रणकेसरीच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला.

आजचं मनन या दगडावर करू. घाई करू नका. मुलगा, गच्ची, आणि मुलाच्या जाण्यानंतर बापाने बांधलेलं मंदिर, एवढंच आधी मनात येऊ द्या. वंशावळ, शतक, लिपी हे सगळं नंतर. कुठल्याही जुन्या वस्तूपाशी गेल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो तो खरी की खोटी हा. तो विचारला की बघणं थांबतं आणि निकालाची वाट बघणं सुरू होतं. म्हणून तो प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा.

या लेखाच्या खरेपणाबद्दल वाद नव्हता. वाद होता तो त्याच्या गावाबद्दल. हे मंदिर होतं कुठे?

कितीतरी वर्षं हा लेख भांदकचा, म्हणजे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचा मानला गेला. तसं मानायला जागाही होती. भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत. एक बोळ डोंगरात सरळ आत जाते आणि शेवटी बसलेला बुद्ध भेटतो. उजव्या-डाव्या अंगाला आणखी दोन बोळी, त्यांच्याही टोकाला बुद्ध. भारतीय पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तर चिनी प्रवासी युआन श्वांगने सांगितलेली कोसल देशाची राजधानी म्हणजे भांदकच, असं मत मांडलं होतं. बौद्ध मंदिराचा शिलालेखही भांदकचा निघाला, तर त्या मताला केवढं बळ मिळणार!

आता मनाने त्या बोळीत उभे राहा. पावसाळ्याचे दिवस, दगडाला ओल, आत अंधार. हा लेख इथलाच असं धरून चाला. गच्चीवरून पडलेला राजपुत्र याच गावातला, त्याचा शोक करणारा बाप याच डोंगराकडे बघणारा. किती चटकन सगळं जुळून येतं बघा. अंधारातला बुद्ध एकदम ओळखीचा वाटू लागतो.

आणि आता हे ऐका. प्राचीन लेखांचे अभ्यासक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवलं की हा लेख मुळात आरंगचा, म्हणजे रायपूरजवळचा, इथून शेकडो किलोमीटर पूर्वेचा. या पांडववंशाचे इतर लेख आणि ताम्रपट सिरपूर, राजिम, आरंग या छत्तीसगडातल्याच परिसरात सापडतात. अभ्यासक आता त्याला आरंगचा लेख म्हणूनच ओळखतात. कोसलच्या राजधानीसाठीही पुढच्या संशोधकांनी भांदकपेक्षा सिरपूरकडे बोट दाखवलं.

इथे थांबा. हे वाचताना मनात काय झालं ते तपासा. मी याच मुलखातला, म्हणून माझ्या मनात काय होतं ते सांगतो. थोडं तुटतं. आपलं काहीतरी कुणी उचलून नेलं असं वाटतं. मग लेण्याकडे पुन्हा बघतो. बोळ तीच, बुद्ध तोच, छिन्नीचे घाव तेच. लेण्यातून काहीच गेलेलं नाही. गेली ती मी तिथे नेऊन ठेवलेली गोष्ट. हा फरक नीट कळला की तज्ज्ञाचं काम किती अवघड आहे ते कळतं. त्याला वस्तूही बघावी लागते आणि वस्तूवर स्वतः ठेवलेलं ओझंही बघावं लागतं. पहिलं शिकवता येतं. दुसरं ज्याचं त्याला करावं लागतं, आणि ते जन्मभर पुरतं.

हॉलंडमधले अब्राहम ब्रेडियस हे चित्रांचे फार मोठे पारखी. कित्येक बनावट चित्रं त्यांनी पकडली होती. 1937 साली त्यांच्यासमोर ख्रिस्ताच्या एमाउस इथल्या भोजनाचं चित्र आलं आणि जुन्या काळचा डच चित्रकार व्हर्मीरची ही सर्वश्रेष्ठ कृती, असं त्यांनी छापून जाहीर केलं. ते चित्र काढलं होतं हान व्हान मेगेरेन या समकालीन चित्रकाराने. 1945 साली नाझी पुढाऱ्याला राष्ट्रीय ठेवा विकल्याच्या आरोपाखाली मेगेरेनला अटक झाली, तेव्हा त्याने स्वतःच कबुली दिली, आणि खरं वाटावं म्हणून पहाऱ्यात बसून तसंच आणखी एक चित्र काढून दाखवलं. ब्रेडियस यांची नजर कच्ची नव्हती. व्हर्मीरने तरुणपणी धार्मिक चित्रं काढली असणार, हे जाणकारांच्या मनात आधीपासून होतं. मेगेरेनने ती इच्छा ओळखली आणि तिच्या मापाचं चित्र बनवलं. ब्रेडियस यांना हसावंसं मला कधीच वाटत नाही. भांदकच्या लेण्यात तो लेख बसवताना आपलंही मन तसंच धावलं होतं.

नजर म्हणजे तरी काय? ती असते, यात मला शंका नाही. घरातली आई जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते ओळखते. का ओळखलं, हे तिला सांगता येईलच असं नाही, पण ती चुकत नाही. तिने ती पावलं वर्षानुवर्षं ऐकलेली असतात. पारखी माणसाचं ज्ञान असंच सहवासातून येतं. अडचण येते ती पुढे. आईला कुणी पुरावा मागत नाही. पारख्याच्या शब्दावर मात्र कोट्यवधींचे व्यवहार उभे राहतात, कोर्टात खटले चालतात, आणि म्हणून त्याला आपली नजर दुसऱ्याला तपासता येईल अशा भाषेत मांडावी लागते.

मग कुणाला वाटेल, चित्रकार जिवंत असेल तर प्रश्नच मिटला. सैयद हैदर रझा यांची आठवण इथे करायला हवी. वडील मंडला भागात वनखात्यात, बालपण जंगलात, चित्रकलेचं शिक्षण 1939 ते 1943 नागपूरच्या चित्रकला विद्यालयात, आणि पुढे 1950 पासून मुक्काम फ्रान्समध्ये. जानेवारी 2009 मध्ये दिल्लीच्या धूमीमल गॅलरीत त्यांच्या सुरुवातीच्या कामाचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला स्वतः रझा आले. वय 86. भिंतीवरच्या एकेका चित्रापुढे ते उभे राहत गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की यातली बहुतेक चित्रं आपण काढलेलीच नाहीत. प्रदर्शन गुंडाळलं गेलं.

त्या दालनात मनाने त्यांच्याजवळ उभे राहा. साठ वर्षांपूर्वीचे आपले दिवस असं सांगून कुणी भिंतीवर टांगले आहेत, खाली आपली सही आहे, आणि ती सही आपली नाही. आपल्याच तरुणपणाची खोटी साक्ष समोर लटकते आहे. या प्रसंगाची बातमी झाली ती पैशांची आणि फसवणुकीची. मला मात्र त्या वृद्ध माणसाचं एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत चालत जाणं विसरता येत नाही. त्या दिवशी ते आले नसते तर? 2016 साली रझा गेले. त्यानंतर अशा प्रश्नाला नाही म्हणायला ते असणार नाहीत. उरतात ती कागदपत्रं, फोटो, पत्रं, आणि त्यांच्या कामासोबत वर्षं काढलेल्यांची नजर. चित्रकाराचा शब्दही दरवेळी शेवटचा नसतो. इटलीच्या जॉर्जो दे किरिको यांनी आपलीच काही अस्सल जुनी चित्रं बनावट म्हणून नाकारली होती.

आता पुन्हा आपल्या जंगलात येऊ. नागभीड तालुक्यात देवटेक नावाचं गाव आहे, ताडोबापासून फार लांब नाही. तिथे मिळालेल्या एका शिळेवर दोन लेख आहेत. एक प्राचीन ब्राह्मीतला, मौर्यकाळाकडे नेणारा. त्यात प्राणी पकडू नयेत, मारू नयेत अशी आज्ञा आहे. दुसरा कित्येक शतकांनंतरचा, वाकाटक राजा रुद्रसेनाच्या धर्मस्थानाचा, आणि त्यात चिक्कंबुरी हे गावाचं नाव आहे. तेच आजचं जवळचं चिकमारा. ही शिळाही कनिंगहॅम यांच्या काळापासून माहीत होती. मिराशींनी 1930 च्या दशकात ती नव्याने वाचली आणि तिचा अर्थ उलगडला.

या शिळेपाशी आपण सर्वांत जास्त वेळ बसू, कारण अस्सल या कल्पनेला ती शांतपणे ढवळते. रुद्रसेनाच्या माणसांनी तो दगड घेतला तेव्हा त्याच्यावर आधीची अक्षरं होती. त्यांना ती वाचता येत होती का? की तोवर ती लिपी अनोळखी झाली होती आणि चांगला सपाट दगड मिळाला एवढंच त्यांनी पाहिलं? आज आपण विचारू लागलो की यातला मूळ लेख कोणता, तर पहिला म्हणावं लागेल. पण चिकमाऱ्याच्या माणसाला विचारा. त्याच्या गावाचं नाव दुसऱ्यात आहे. एकाच दगडाने दोन काळांची साक्ष दिली आहे आणि दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. बघणारा कुठला प्रश्न घेऊन येतो त्यावर दगड काय सांगणार ते ठरतं. पुन्हा वाचायला तयार असणं, आधीच्या मोठ्या माणसाने वाचलेलं असूनही पुन्हा वाचणं, हे तज्ज्ञाचं खरं शील मला वाटतं. कनिंगहॅमबद्दल मिराशींना आदर नसेल असं नाही, पण त्यांनी दगडाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मार्कंड्यालाही हेच दिसतं. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जिथे उत्तरवाहिनी होते तिथला हा देवळांचा समूह. महाशिवरात्रीच्या जत्रेत कुणालाही विचारा, हेमाडपंती म्हणून सांगतील. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री, आणि ही शिल्पं अभ्यासकांच्या मते त्याच्या आधीची. चुना न वापरता उभं केलेलं कुठलंही जुनं देऊळ आपण हेमाडपंतांच्या नावावर घातलं. मुख्य देवळावर वीज पडून शिखराचा भाग कोसळला, आणि पुढे गोंड राजाने आधाराचं जाड बांधकाम करून ते सावरलं, असं कनिंगहॅम यांच्या अहवालात येतं. कोरीव स्तंभांच्या मधे ते ओबडधोबड काम डोळ्यांना खुपतं. पण त्याच्यापुढे थोडं थांबलं की कळतं, पडत्या देवळाला कुणीतरी पाठ लावली होती. शैलीचा जाणकार त्याला उपरं म्हणेल आणि ते बरोबरच आहे. माझ्यासाठी मात्र ते देवळाच्या आयुष्यातलं एक अस्सल पान आहे.

शेवटी एका अशा दगडाकडे चला ज्याच्याबद्दल कुणी काहीच लिहिलेलं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत असे दगड जागोजागी आहेत. मामा तलावाच्या पाळीवर, बोडीच्या कडेला, पिंपळाच्या पारावर, शेंदराच्या थराखाली. कुठे वीरगळ, कुठे नाक झिजलेली देवी. गावाला ती देवी आहे, आणि गावाचं ते ओळखणं कुठल्याही प्रमाणपत्राहून जुनं आहे. पण एखाद्या रात्री ती पारावरून नाहीशी झाली आणि वर्षांनी कुठल्या परदेशी लिलावात निघाली, तर गावाचं ओळखणं तिथे चालत नाही. तमिळनाडूच्या पत्तूरचा नटराज लंडनमध्ये सापडला तेव्हा खटला वर्षानुवर्षं चालला. मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणा यांचीही तज्ज्ञांनी साक्ष दिली. मूर्ती 1991 साली परत आली. गावच्या मातीने साक्ष दिली, पण ती वाचणारे जाणकार होते म्हणून.

भांदकचा मानल्या गेलेल्या लेखाचा सगळा वाद या एकाच जागी येऊन थांबतो. दगड उचलला त्या दिवशी तो कुठून उचलला, हे सगळ्यांना पटेल असं कुठेच टिकलं नाही. ती एक ओळ असती तर शंभर वर्षांची विद्वत्ता दुसऱ्या कामाला लागली असती. अशी ओळ लिहायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही.

म्हणून तुमच्या गावातल्या त्या दगडापाशी आता खरोखरच जा. शेंदूर खरवडू नका, पाणी ओतू नका, जागेवरून हलवू नका. आधी नुसते बसा. मग वही काढा. कोणतं गाव, कोणत्या बोडीची पाळ, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला, शेजारी आणखी काय पडलं आहे, म्हातारी माणसं त्याला काय म्हणतात आणि पूजा कोण करतं. ऐकलेलं असेल ते ऐकलेलं म्हणून लिहा, पाहिलेलं असेल ते पाहिलेलं म्हणून. चारी बाजूंनी फोटो घ्या, आणि दगडाच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून एक काठी शेजारी ठेवून तिची लांबी लिहा. खाली तारीख घाला. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि एक घरी ठेवा.