डाग की साक्ष?

मुलामा दिलेली वस्तू बाळगणाऱ्या मनुष्यास तिच्या चकाकीचा जो अभिमान वाटतो, त्यात थोडासा दंभ असतो असे म्हटल्यास कोणी रागावू नये. मोटारसायकलीचीच गोष्ट घ्या. आत पोलाद, त्यावर निकेलचा थर आणि सर्वांवर क्रोमियमचा, तोही बहुधा एक मायक्रॉनसुद्धा जाड नसलेला! एवढ्या पातळ पडद्याच्या बळावर धूर नेणारी नळी आरशाप्रमाणे मिरवत असते. पण इंजिनाच्या मुखाशी, जेथे जळलेला वायू शेकडो अंशांच्या उष्णतेने बाहेर पडतो, तेथे ही मिरवणूक फार काळ चालत नाही. आधी गव्हाच्या काडीसारखा पिवळेपणा येतो, मग तांबूस-जांभळी झाक, आणि अखेर मोराच्या मानेसारखा निळा रंग. यवतमाळ, वणी किंवा पुसद येथील गॅरेजात एखाद्या जुन्या बुलेटचा ‘बेंड पाईप’ पाहिला, तर हा सारा क्रम एका वितीत वाचावयास मिळेल. मालक त्यास डाग म्हणतो व तो कशाने जाईल असे विचारतो. प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. तथापि त्याच्या पोटात नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे.

हा रंग कोणी लावलेला नाही. तापलेल्या धातूवर प्राणवायूच्या संयोगाने एक अतिसूक्ष्म थर धरतो; त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग मावळतात व काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर जे होते तेच येथे होते. तापविलेल्या पोलादावरील या रंगांची नोंद रॉबर्ट हूकने १६६५ सालीच केली होती. पोलादावर निळा रंग सुमारे तीनशे अंशांस येतो. क्रोमियम अधिक सोशिक असल्याने त्यास अधिक ताप लागतो. शांकरभाष्याच्या आरंभी, अज्ञ जन आकाशावर मलिनतेचा आरोप करतात असा दृष्टान्त आहे. नळीची निळाईही तशीच भासमात्र आहे असे कोणी वेदान्ती म्हणेल. परंतु शिंपल्यावरचे रुपे विचाराअंती नाहीसे होते. ही निळाई विचाराअंती नाहीशी न होता उलट मोजता येऊ लागते. येथे रंगद्रव्य नाही, पण खोटेपणाही नाही. ती उष्णतेने स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद आहे.

आणि नोंद म्हटली की ती वाचणारा आला. जाणता मिस्त्री निळी नळी पाहून पॉलिशची डबी उघडत नाही. तो कार्ब्युरेटरकडे वळतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडते काय, ठिणगी उशिरा पडून ज्वलन नळीपर्यंत रेंगाळते काय, जोडातून हवा शिरते काय, हे तो पाहतो. अर्थात प्रत्येक निळाई हा अपराधच, असेही नव्हे. एकेरी पत्र्याच्या नळीवर बिनदोष इंजिनही थोडा रंग आणते. म्हणूनच काही गाड्यांत नळी दुहेरी करतात, म्हणजे बाहेरचा पत्रा कमी तापतो. सबब, डाग दिसताच चालकास दोषी ठरविणारा हा डाग पुसून निर्दोष होऊ पाहणाऱ्याइतकाच उतावळा समजावा.

आमच्या जिल्ह्यात यावर एक ठरलेले उत्तर मिळते: “अहो, इकडचं ऊनच तसं!” वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो हे खरे. पण थंडीच्या दिवसांतील पंधरा-वीस अंश आणि हे पंचेचाळीस यांतील अंतर, नळीतील शेकडो अंशांपुढे कितीसे? उन्हापेक्षा, गाडी उभी ठेवून इंजिन धडधडत ठेवणे व त्यामुळे नळीस वारा न मिळणे, हे अधिक बाधक आहे. परिस्थितीवर भार टाकून मोकळे होण्याची आपली सवय लोखंडापर्यंत पोहोचलेली पाहून मात्र गंमत वाटते.

खरी कसोटी गाडी विकताना लागते. घेणारा बहुधा खेड्यातला तरुण असतो. कापसाच्या पैशातून गाडी घ्यावयास आलेला. आदल्या दिवशी नळी घासून लख्ख केलेली असते. विक्रेता एक शब्दही खोटे बोलत नाही. हा वाद जुना आहे. सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात सदोष घर विकणाऱ्याचे उदाहरण घेतले असून, दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक नाही असे म्हणणारा डायोजेनीस व आहे असे म्हणणारा अँटिपेटर यांस समोरासमोर उभे केले आहे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे. माझ्या मते येथे प्रश्न मौनाच्याही पुढे जातो. मौन बाळगणारा साक्ष देत नाही. घासणारा मात्र दुसऱ्याची साक्ष नाहीशी करतो. अपराध असलाच तर तो मळ काढण्यात नाही, वाचावयास आलेल्यापुढून पान फाडण्यात आहे.

कोणी म्हणेल, आमच्या घरी चिंचेने तांब्याची भांडी लख्ख करतात, पितळेस कल्हई लावतात. मग नळीनेच काय घोडे मारले? पण तांबे आतबाहेर तांबेच असते. घासून पितळ उघडे पडण्याचे भय तेथे नसते. कल्हई गेली तर कल्हईवाला दारात बसून पुन्हा लावीत असे. क्रोमियम तसे नव्हे. निळाई काढणारी भुकटी दर वेळी त्या पातळ थराचाही अंश नेते. पुढे निकेलचा पिवळसर रंग डोकावू लागतो व मागोमाग गंज येतो. मग नळी मुलाम्याच्या कारखान्यात पाठवावी लागते. तेथील टाक्यांत परंपरेने जे षट्‌संयुजी क्रोमियम वापरतात, त्याच्या वाफाऱ्याने कामगारांच्या नाकाचा पडदा झिजतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो. आपल्या नळीवरील निरुपद्रवी रंग घालविण्यासाठी तेथे उभा राहणारा मनुष्य आपल्या हिशेबात कधीच येत नाही.

ज्यास नळी स्वच्छच हवी, त्याने प्रथम मिश्रण व ठिणगीची वेळ नीट करून घ्यावी, मग मऊ फडक्याने, हलक्या हाताने, क्वचितच पुसावी. आणि गाडी विकावयाची झाल्यास घेणाऱ्यास आधी निळी नळी दाखवावी, कशाने निळी झाली ते सांगावे. त्याने पुसून मागितली तर पुसून द्यावी.