आधी मारलेला रंग

मोटारीच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये माझी सगळी नोकरी झाली. तिथला क्रम मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल: फॉस्फेट, ईडी, प्रायमर, बेस कोट आणि शेवटी क्लिअर. सगळे थर मिळून जाडी भरते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तेवढ्यातसुद्धा प्रत्येक पुढचा थर मागच्याला झाकत जातो. प्रायमरमध्ये कण बसला, घासा आणि वरून मारा. बेस कोटला ओघळ आला, घासा आणि वरून मारा. शोरूममध्ये गिऱ्हाईक ज्या रंगावर हात फिरवतं, तो आम्ही सर्वांत शेवटी मारलेला असतो. पाप-पुण्याबद्दल बोलतानाही पुष्कळ लोक याच हिशेबाने बोलतात. शेवट चांगला केला की आधीचं झाकून जातं, असं त्यांना वाटतं.

माझ्या भाच्याला रिमोटच्या गाड्यांचा नाद आहे. खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाच्या गाड्या, शर्यतीच्या. त्यांची बॉडी पारदर्शक येते आणि रंगवायची आपली आपण. ही मुलं तिला लेक्सन बॉडी म्हणतात. लेक्सन म्हणजे पॉलिकार्बोनेट. 1953 साली जर्मनीत बायरच्या हर्मन श्नेल यांना आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांना ते एकमेकांच्या नकळत गवसलं. या प्लास्टिकची मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ शीट तापवून, साच्यावर व्हॅक्यूमने ओढून ही कवचं काढतात. शर्यतीत गाडी उलटते, डांबरावर घासत जाते. वरून मारलेला रंग एका फेरीत निघून जाईल, म्हणून इथे रंग आतून मारतात.

आतून मारायचा म्हटलं की माझ्या हयातीचा क्रम मुळापासून उलटा होतो. आमच्याकडे क्लिअर शेवटी येतं, इथे ते पारदर्शक प्लास्टिकच्याच रूपात सगळ्यांच्या आधीपासून हजर असतं. आधी कवच भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचं, कारण बोटाचा तेलकटपणा राहिला तर तिथला रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. मग खिडक्यांचे मास्क आतल्या बाजूने चिकटवायचे. पट्ट्यांसाठी बारीक टेप लावायची आणि तिची कड नखाने दाबत जायचं, विशेषतः चाकाच्या कमानीपाशी, जिथे पृष्ठभाग दोन बाजूंनी वळतो. नक्षी वेडीवाकडी असेल तर लिक्विड मास्क ब्रशने जाड लावून रबरासारखा सुकू द्यायचा आणि ब्लेडने कापायचा. ब्लेडवर भार द्यायचा नाही. मास्क कापला जावा, पण प्लास्टिकवर ओरखडा उठू नये, कारण पहिल्या धडकेला कवच त्या ओरखड्यावरच फाटतं. रंग पॉलिकार्बोनेटसाठीचाच हवा. तामियाच्या डब्यावर पीएस लिहिलेलं असतं, ती मालिका. त्यातला सॉल्व्हंट प्लास्टिकला किंचित चावतो, म्हणून रंग धरून राहतो आणि बॉडी वाकली तरी तडकत नाही. हात हलके मारायचे. एकदम ओला जाड थर दिला तर सॉल्व्हंट आत कोंडतो आणि कवच ठिसूळ होतं. गडद रंग आधी, फिका नंतर. बाहेरून एक पातळ फिल्म असते, उडालेला रंग ती झेलते, आणि ती अगदी शेवटी सोलायची.

भाच्याची टेप एका कमानीपाशी नीट बसली नव्हती. काळा रंग तिच्याखाली शिरला आणि जिथे पिवळा यायचा तिथे त्याची जीभ उमटली. तो म्हणाला, "मामा, पिवळ्याचे चार हात जास्त मारले तर?" मी म्हटलं, "चाळीस मारलेस तरी बाहेरून काळाच दिसणार." ओला असता तर पुसता आला असता. सुकलेला रंग थिनरने काढू गेलं तर प्लास्टिक धुरकटतं, कडांना चिरा पडतात. तो गप्प बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे आधी झालं ते झालं. मग मागून काहीही करण्यात अर्थच नाही." तो रंगाबद्दल बोलत होता. मला मात्र त्याचं बोलणं फार जुन्या प्रश्नासारखं ऐकू आलं: एकदा केलेलं पाप नंतर पुसता येतं का?

शेजारी एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहतात, त्यांच्याकडे मी हा प्रश्न नेला. त्यांनी ब्रह्मसूत्राचा चौथा अध्याय काढला. ज्ञान झाल्यावर पूर्वीचं पाप नष्ट होतं आणि पुढचं चिकटत नाही, असं तिथे म्हटलं आहे. पण लगेच अपवाद येतो: ज्या कर्माने फळ द्यायला सुरुवात केली आहे, ते ज्ञानानेही थांबत नाही. शंकराचार्य तिथे कुंभाराच्या चाकाचा दाखला देतात. एकदा गती दिलेलं चाक ती गती संपेपर्यंत फिरतंच. म्हणजे जो थर दिसायला लागला, तो वेदान्तही पुसून देत नाही.

माझं घर बौद्ध आहे. वर्षावासात आमच्या विहारात बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात, त्यात अंगुलिमालाची कथा येते. दरोडेखोर बदलला, भिक्खू झाला, इथवर ती सगळ्यांना ठाऊक असते. मज्झिमनिकायातली पुढची हकीकत मात्र कमी लोक सांगतात आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला, तेव्हा त्याला ढेकळं, काठ्या, दगड लागले. डोकं फुटलं, भिक्षापात्र मोडलं, चीवर फाटलं, आणि तसाच तो बुद्धाकडे परतला. बुद्धाने त्याला सांगितलं की हे सोस, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. दगड मारणाऱ्यांना समजवायला बुद्ध गेल्याचं त्या सुत्तात कुठेही नाही. ज्यांची माणसं गेली त्यांच्या डोळ्यांना आधीचाच थर दिसत होता, आणि त्यांनी तो पाहू नये असं कोण म्हणणार?

त्याच सुत्तात आणखी एक प्रसंग आहे. एक बाई प्रसूतीत अडली होती. बुद्धाने अंगुलिमालाला सांगितलं, तिच्यापाशी जा आणि म्हण, जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कुणाचा जीव घेतलेला नाही, या सत्याने तुझं आणि तुझ्या गर्भाचं भलं होवो. अंगुलिमाल म्हणाला, हे तर खोटं होईल. तेव्हा वाक्य बदललं: आर्यजन्म लाभल्यापासून, म्हणजे धम्मात आल्यापासून. तेवढंच तो बोलला आणि आई व मूल दोघेही सुखरूप राहिले. त्याने आधीचं झाकलं नाही. झाकायची आयती संधी असताना नाकारली आणि मागचा थर मागेच ठेवून बोलला. श्रीलंकेत आजही गरोदर बाईसाठी अंगुलिमाल परित्त, म्हणजे रक्षणाचं पठण, म्हणतात. ज्याच्या गळ्यात माणसांच्या बोटांची माळ होती, त्याच्याच नावाने.

हे भाच्याला कसं सांगावं याचा मी विचार करत होतो, तेव्हा कापून उरलेल्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या हाताशी होत्या. दोन्हींवर एकाच डब्यातला फ्लोरोसेंट पिवळा मारला. सुकल्यावर एकीच्या पाठीवर पांढरा दिला, दुसरीच्या पाठीवर काळा. उलटून त्याला दाखवल्या तर तो म्हणाला, हे दोन वेगळे डबे आहेत. पांढऱ्यावरचा पिवळा डोळ्यांत भरत होता, काळ्यावरचा शेवाळल्यासारखा मेला होता. फ्लोरोसेंट रंग अर्धपारदर्शक असतो. उजेड त्यातून पार जातो, पाठीवरून परततो आणि मग आपल्याला दिसतो. मागून मारलेला थर पुढच्याला झाकू शकत नाही, पण पुढचा कसा दिसणार ते तोच ठरवतो. जुने काचचित्रकार हेच करत. तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखात काचेच्या मागून देव रंगवताना आधी डोळे आणि दागिन्यांच्या रेघा काढत, पार्श्वभूमी शेवटी. दागिन्यांची जागा मोकळी सोडून मागून चकचकीत वर्ख लावत, म्हणून ते दागिने अजून झळकतात.

याला मर्यादा आहे आणि ती मी लपवणार नाही. जाड काळा थर आधी बसला असेल तर मागे पांढरा द्या की चंदेरी, काही फरक पडत नाही. अशी कृत्यंही असतात. अंगुलिमालाने ज्यांना मारलं, त्यांच्या घरी त्या परित्ताने काही उजळलं नसेल. पण आपल्यातल्या बहुतेकांच्या हातून घडतं ते इतकं गच्च नसतं. त्यातून उजेड जातो.

म्हणून प्रायश्चित्त म्हणजे पुसून टाकणं, ही समजूत मला मान्य नाही. प्रायश्चित्त म्हणजे मागून नीट काम करत राहणं, आणि तेही समोरचं न झाकता. शिक्षा भोगून वस्तीत परत आलेल्यांना आपण एक तर दारात उभं करत नाही, किंवा काही झालंच नव्हतं असं वागतो. माझी विनंती आहे की त्यांनी काय केलं ते लक्षात ठेवा, आणि त्यांना काम द्या.